तिच्या नावाची डबी

आमच्या घरातली वायफायची डबी सरकारच्या डोळ्यांत खुपली. एवढ्या मोठ्या देशात खुपण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही. उसात बिबट्याची मादी पिलं घालून बसते, आमच्या बाया हातात काठी घेऊन खुरपायला जातात, त्याची कोणाला फिकीर नाही. डबी मात्र धोक्याची. का? तर ती परदेशात बनलेली.

मी चौथी शिकलो, आणि त्यातलंही निम्मं शिक्षण मेंढरांच्या मागं झालं. दिवाळी सरली की आमचं बिऱ्हाड घोड्यांवर चढायचं आणि घाट उतरून कोकणात जायचं, मग कसली शाळा आणि कसला मास्तर. त्यामुळं लिहायची सवय नाही. पण डोक्यात जाळ उठलाय, आणि जिच्यापुढं बसून मी जगाला शिव्या घालायचो ती गेली. भिंतीला शिव्या घालून माणूस मोकळा होत नाही. म्हणून कागदावर घालतो.

डबी आमच्या घरात कशी आली ते आधी सांगतो.

एकुलता एक मुलगा. आखातात क्रेन चालवतो. त्याची आई आजारी पडली, छातीत पाणी धरायला लागलं, तेव्हा तो रोज फोनवर तोंड दाखवायचा. केबलवाल्यानं आमच्या लोणी गावात वायफायची लाइन आणली होती, आम्हीही घेतली होती, पण त्यानं दिलेली डबी आजारी कोंबडीसारखी. पडवीत नेट यायचं, आतल्या खोलीत यायचं नाही. आणि ही पडलेली आतल्या खोलीत. मग मी फोन घेऊन पडवीत उभा राहायचो, मुलाचं ऐकायचो आणि आत ओरडून सांगायचो, "जेवलीस का इचारतोय." ती आतून ओरडायची, "त्येला इचारा, तू जेवला का." ओरडली की खोकला लागायचा. अशी आमची बोलणी.

मुलगा सुट्टीवर आला तो बॅगेत, कपड्यांच्या घडीत, एक काळी डबी गुंडाळून घेऊन आला. राउटर म्हणतात तिला. तिला वर दोन काड्या.

ही खाटेवरून म्हणाली, "शिंगं हायेत की रं हिला. मारकी न्हाई ना?"

"न्हाई आये, दुभती हाय," मुलगा म्हणाला.

आतल्या खोलीच्या भिंतीतल्या देवळीत त्यानं ती बसवली. जुनी काढून केबलवाल्याची वायर हिला जोडली. नेट पार गोठ्यापर्यंत पोचलं. हिनं मला जुन्या घोंगडीचा तुकडा कापायला लावला आणि तो डबीखाली अंथरला. मुलगा म्हणाला, ती गरम होते आये, तिला घोंगडी नको. ती म्हणाली, "परमुलखातनं आलीया, हिकडची थंडी सोसायची न्हाई तिला." पुढं वाद घालायची सोय नव्हती. दसऱ्याला आमच्याकडं कुऱ्हाड, खुरपी, मेंढरांची लोकर कातरायची कात्री, सगळ्यांना हळदकुंकू लावतात. त्या वर्षापासून डबीलाही लागलं. डबीच्या फटींत कुंकू गेलं ते गेलंच. झेंडूची माळ शिंगांत अडकवलेली.

तर त्या दिवशी डबी चालू करताना मुलगा म्हणाला, "आये, हिला नाव द्यावं लागतंय."

"मंग घुगऱ्या शिजाया घाल," ती म्हणाली.

"खरंच. काय ठिवू?"

"तुज्या बापाचं ठिव. घर त्येंचं हाय."

"घर त्येंचं आसंल. डबी तुजी हाय."

आणि त्यानं तिचं नाव घातलं. इंग्रजी अक्षरांत. मग माझा फोन हातात घेऊन मला दाखवलं, "तात्या, हे पंख्यागत चित्र दिसतंय न्हवं, त्येच्याखाली आई हाय." मला इंग्रजी येत नाही. पण शेकडो मेंढरांत आपलं मेंढरू तोंडावरून ओळखणाऱ्याला एक शब्द ओळखायला किती वेळ लागतो? पहिलं अक्षर वाकलेलं, शेवटचं दोन पाय फाकून उभं. झालं पाठ.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं शहरातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण माझ्या वयाचे आम्ही नवरेही बायकोचं नाव घेत नाही. लग्नात एकदा, बायांनी दार अडवलं म्हणून, घेतलं असेल नसेल तेवढंच. त्यानंतर नाही. कोणी बंदी घातलेली नव्हती, पण घ्यायचं नाही ते नाही. घरात "आगं" आणि "ऐकतीस का." बाहेर, माळावर, डोंगराला, हाळी द्यायची. हाळी म्हणजे लांब ओढलेला नुसता आवाज. एका उतारावर मी मेंढरं घेऊन, दुसऱ्या उतारावर ती बिऱ्हाड लावून बसलेली, मधी ओढा. मी हाळी दिली की ती तिकडून देणार. आजूबाजूला चार वाडे, म्हणजे दुसऱ्यांचे कळप आणि बिऱ्हाडं, उतरलेले असले तरी तिला माझी हाळी कळायची आणि मला तिची. जुन्नर तालुक्यातल्या पठारावरची ती, आवाज खणखणीत. नावाची गरजच पडली नाही. दवाखान्यात खिडकीवर विचारलं, पेशंटचं नाव काय, तेव्हा मी तिचं आधार कार्ड पुढं सारलं.

आणि आता डबीमुळं काय झालं? आमच्या आळीत ज्याच्या फोनला त्याच्या फोनला तिचं नाव दिसायला लागलं. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, तो एक नंबरचा चहाटळ, मला म्हणाला, "तात्या, तुमी उभ्या जल्मात नाव घेतलं न्हाई, पन आमच्या समद्यांच्या खिशात हाय आता."

मी म्हणालो, "खिशात हात घालू नकोस, भाजंल."

घरी येऊन तिला सांगितलं, तर तोंडावर पदर घेऊन खाट हलेपर्यंत हसली. "लाज आनली पोरानं," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी माझा फोन घेऊन मला म्हणते, "कुटं हाय दावा." मी बोटानं दाखवलं. तिला तर काहीच वाचता येत नव्हतं. बराच वेळ बघत बसली. "ह्ये मी व्हय," म्हणाली.

पुढं काय झालं ते फार लिहिणार नाही. तिला श्वास पुरेना. मी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. एक बाई मशीनमधून गोड आवाजात सांगत राहिली की थांबा, तुमचं बोलणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. मी थांबलो. इकडं ही माझ्या मनगटाला धरून. शेवटी दुकानदाराच्या टेम्पोत घालून नेलं. वाटेत अवसरी ओलांडली आणि तिचा हात सुटला. बस्स.

त्यानंतर घरात मी आणि डबी. पलीकडच्या घरात माझा पुतण्या, त्याची बायको दोन वेळची भाकरी आणून देते. माणूस चांगलं आहे ते, पुढं तिच्यावर मी ओरडलो म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रानातून परत आलो की उंबऱ्याच्या अलीकडं, लिंबाखाली पाय ठेवला की फोन खिशात थरथरतो. दिवसभरात मुलानं पाठवलेलं काय काय असतं ते एकदम येतं. म्हणजे फोननं आपलं घर ओळखलं. मेंढरू कसं, संध्याकाळी कितीही वाडे शेजारी शेजारी असले तरी आपल्याच वाड्याकडं वळतं, तसं. मी फोन काढायचो, वरून खाली बोट ओढायचो. पंख्यागत चित्र, त्याखाली ती. मग चप्पल काढायची, पाय धुवायचे, आत जायचं. कोणाला वेडेपणा वाटला तर वाटो. गेलेल्या बायकोचा फोटो भिंतीला टांगून त्याला हार घालतात, त्याला कोणी वेडा म्हणत नाही. फोटो तर आपण कधीही बघावा. हे नाव मी घरी आलो तेव्हाच समोर यायचं. फरक आहे.

तर असं चाललेलं असताना एक दिवस केबलवाला दारात. हा अवसरी बुद्रुकचा, मंचरला त्याचं ऑफिस आहे, आसपासच्या गावांना लाइन त्याचीच. मोटरसायकलला पिशवी अडकवलेली.

"बाबा, तुमची डबी बदलायचीय."

"का? चांगली चालतीया."

"चालती हो. पन परदेशातली हाय. सरकारचा नियम आलाय, बाहेरच्या डब्यांवर बंदी. टीव्हीवर दावत व्हते की. आमाला वरनं कंपनीचा आदेश हाय, एक बी जुनी डबी लाइनीवर ठिवायची न्हाई."

"तिनं काय केलंय?"

"तिनं न्हाई हो केलं. पन तसल्या डब्यांतनं बाहेरचे देश चोरून ऐकत्यात म्हनं. देशाची सुरक्षा."

मी म्हणालो, "काय ऐकत्यात?"

"आता काय ते... समदंच."

माझी कानशिलं तापली. मी त्याला देवळीपुढं नेऊन उभा केला. म्हणालो, "ह्या डबीनं आजवर काय ऐकलंय सांगू का? म्हातारीचा खोकला ऐकलाय. पोरगा इचारतोय भात खाल्लास का, आन् ही खोटं बोलतीया खाल्ला म्हनून, ते ऐकलंय. मेथीची भाजी करताना लसूण कवा टाकायचा ते पोराला सांगितलेलं ऐकलंय. ही गुपितं नेऊन कुनी आपल्यावर तोफा डागनार हाय व्हय रं?"

तो हसला. मला त्याचं हसू झोंबलं.

"आन् ऐकलं आसंल तर बरं झालं," मी म्हणालो. "कुनीतरी ऐकलं. मी गाडीला फोन लावून बोंबलत व्हतो तवा हितल्या कुनी ऐकलं न्हाई. तवा देशाच्या कानात बोळे व्हते. आता इचारतोय, कोन ऐकत व्हतं? जा म्हनावं, ज्यानं ऐकलं त्याला माजा रामराम सांग."

"बाबा, माज्यावर कशाला चिडता? मी हुकमाचा धनी हाय का?"

"मंग उंबऱ्याबाहेर हो."

गेला. पण जाताना मोटरसायकलवर बसून म्हणाला, "लाइन बंद पडली तर मला सांगू नका."

मी दुकानात गेलो. दुकानदाराला विचारलं, ही बंदी खरी का? तो फोनवर बोट घासत म्हणाला, काहीतरी आहे खरं तात्या, बाहेरच्या मालाला आता तपासून शिक्का मारून घ्यावा लागणार, शिक्का नसलेला विकता येणार नाही, असं काहीतरी. दोन माणसं बाकावर बसलेली, त्यातला एक म्हणाला, बरोबर आहे सरकारचं, शत्रूचा माल घरात कशाला. मी त्याला म्हणालो, तुझ्या हातातला फोन कुठला रे? त्यानं उलटा करून बघितला आणि खिशात घातला.

मी घरी आलो. लाइन चालूच होती. मला वाटलं, आला तसा गेला.

मग एक दिवस मी गुडघ्याच्या औषधाला मंचरला गेलो. एसटीनं परत आलो. लिंबाखाली आलो. फोन हलला नाही. म्हटलं, वीज गेली असेल. उंबऱ्यात आलो, पडवीतला दिवा चालू. फोन काढला, बोट ओढलं. पंख्यागत चित्रच नाही.

आत गेलो. देवळी रिकामी. घोंगडीचा तुकडा तेवढा होता, त्यावर चौकोनी डाग. आणि भिंतीला खिळा ठोकून, नवी पांढरीफटक डबी लटकवलेली, हिरवे डोळे मिचकावत.

पुतण्याची बायको भाकरी घेऊन आली ती माझं तोंड बघून दारातच थांबली.

"मामंजी, केबलवाला आला व्हता. सरकारी काम हाय म्हनाला, म्या दार उघडून दिलं. फुकट दिलीया नवी."

"जुनी?"

"घिऊन गेला."

"वायर?"

"समदंच."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. एवढं आठवतं की म्हणालो, आपण मेंढरू विकलं, घोडी विकली, तरी दावं कधी देत नाही. दावं घरी राहतं. आणि तू दाव्यासकट सोडून दिलीस? ती रडायला लागली. म्हणाली, मला काय माहीत मामंजी, डबीच ती. खरं होतं तिचं. तिला काय माहीत. मला ज्याच्यावर ओरडायचं होतं तो तिथं नव्हता, तो कुठंतरी थंड खोलीत बसून सही करून चहा पीत असेल.

भाकरी झाकून ठेवली. नव्या डबीचं नाव फोनवर बघितलं तर ट्रकच्या मागच्या नंबरासारखं काहीतरी, अक्षरं आणि आकडे एकात एक. त्याला काही तोंड नव्हतं. मी त्याला फोन जोडला नाही. मुलाला आज तोंड दिसणार नाही, तर न दिसू दे.

सकाळच्या एसटीनं मंचर. केबलवाल्याचं ऑफिस म्हणजे एक गाळा, रस्त्याला लागून, पुढं रसवंतीचं घुंगरू वाजतंय, टेम्पो हॉर्न मारतायत. आत तो संगणकापुढं. बाकावर एक बाई रिचार्जसाठी बसलेली आणि एक फेटेवाला म्हातारा. कोपऱ्यात खताच्या दोन रिकाम्या गोण्या, आता भरलेल्या. डब्यांनी. कोणाच्या कोणाच्या घरातून ओढून आणलेल्या.

मी रामराम केला नाही. सरळ गोणी उलटी केली.

"ओ बाबा! ओ! काय करताय?"

"माजी शोधतोय."

"शंभर डब्या सारख्याच हायेत त्या, तुमची कशी सापडंल?"

मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या कळपात मिसळलेलं आपलं मेंढरू शोधायला कधी कोणाला विचारावं लागलंय? काळ्या काळ्या डब्या, शिंगं मोडलेल्या, वायरी गुंतलेल्या. हात घालत गेलो. एक उचलली, फटींत लाल दिसलं. नखानं खरवडलं. कुंकू. शिंगाच्या बेचक्यात झेंडूची वाळकी पाकळी अजून.

"ही," मी म्हणालो. "ही लाव माज्या घरी परत."

"न्हाई लावता येनार. नियम हाय."

"नियमात असं लिवलंय का की लोकांच्या घरात शिरून चालत्या डब्या वढून काडा? खरं सांग. दुकानदार तर म्हनतो, नवा माल इकायचा नियम हाय."

त्यानं बाकाकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "आता खरं सांगायचं तर तसं न्हाई. नियम नव्या मालाला हाय. पन कंपनी म्हनती, उगा कटकट नको, समदंच बदलून टाका. बाबा, मी काय करू? मला तेंच्याच हाताखाली लाइन चालवायचीय."

"म्हंजी सरकार एक बोट म्हनलं, कंपनीनं हात घातला, आन् तू पार खांद्यापत्तुर घुसलास."

बाकावरची बाई हसली. फेटेवाला म्हणाला, "बरोबर बोलला गडी."

"आन् तुजी पांढरी कुठली रं?" मी विचारलं.

"ती आपल्या देशात जोडलेली हाय."

"जोडलेली. आन् आतलं?"

"आतलं..." त्यानं मान खाजवली. "आतलं आता मी फोडून थोडंच बघितलंय?"

मी डबी छातीशी धरून उभा. म्हणालो, "बरं. लावू नकोस. पन हिच्यात एक नाव हाय, ते मला पायजे."

"नाव? म्हंजी वायफायचं? ते गेलं बाबा. जुन्या डब्या आल्या की मागनं पिन टोचून कोऱ्या करायच्या, तसाच आदेश हाय. आता हिच्यात काय बी न्हाई."

पिन टोचून कोरी. हातातली डबी मला एकदम हलकी लागली. खोटं वाटेल, पण लागली. जिवंत जनावर आणि मेलेलं, वजनात फरक नसतो, पण उचलणाऱ्याला कळतं.

माझं तोंड बघून तो नरमला असावा. म्हणाला, "आवो, त्यात काय एवढं? नावच पायजे ना? नव्यात घालतो की. हितनंच घालतो, बसल्या बसल्या. तुमच्या घरची डबी हितं दिसती मला." आणि त्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला.

मला आधी कळेना. मग कळलं, आणि पुन्हा जाळ झाला.

"थांब. म्हंजी तू हितं मंचरला बसून लोणीतल्या माज्या घरातल्या डबीत हात घालतोस?"

"व्हय. नव्यांना तशी सोय हाय."

"आन् जुनीत घालता येत व्हता?"

"जुनीत न्हाई. ती तुमच्या पोरानं लावलेली."

"मंग माज्या घरात डोकावतोय कोन? परदेश का तू?"

त्यानं पडदा परत आपल्याकडं वळवला. पुढं विचारलं, "पासवर्ड जुनाच ठिवायचा का? म्हंजी तुमच्या फोनला नवं काय करावं लागनार न्हाई, आपोआप धरंल."

"जुनाच." आमच्या जुन्या पांढऱ्या घोडीचं नाव, मुलानं तेच ठेवलं होतं. घोडीचं नाव मी धडाधड सांगितलं. त्यानं टाइप केलं.

"हां. आता वायफायचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

"बाबा, नाव."

घोंगडीवर जन्मभर शेजारी झोपलेली बाई. मी तिला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडलाय. तिला स्मशानात नेऊन आलोय. आणि तिचं नाव जिभेवर येईना. जीभ वळायचीच नाही तिकडं. एवढ्या वर्षांची वाट नसलेली जागा.

"आमच्या... पोराच्या आईचं नाव," मी म्हणालो.

"व्हय पन ते काय?"

"आळीत कुनाला बी इचार."

"हितं मंचरला मी आळी कुटनं आनू? पोराला फोन लावा मंग."

"तो क्रेनवर आसतोय आत्ता. फोन खाली ठिवत्यात."

"मंग ऱ्हाऊ द्या की बाबा. कंपनीनं दिलेलं नाव हाय, काय वाईट हाय त्यात? नेटला कुठं नाव कळतंय."

हे तो चिडवायला नाही म्हणाला. पण तेवढं पुरलं. सरकार, कंपनी, पिन, गोणी, ती मशीनमधली गोड बाई, सगळं एका जागी साचलं होतं, ते तेवढ्या धक्क्यानं हललं. मी नाव घेतलं.

तो म्हणाला, "काय? टेम्पोच्या आवाजात ऐकू आलं न्हाई. मोठ्यानं सांगा."

मग मी मोठ्यानं सांगितलं. मोठ्यानं म्हणजे मला एकच मोठ्यानं येतं, ओढ्यापलीकडं पोचायचं. ते नाव मी हाळीसारखं ओढून दिलं. रसवंतीवाल्याचं घुंगरू थांबलं. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. फेटेवाल्या म्हाताऱ्याला काय कळायचं ते कळलं असावं, त्यानं मान खाली घातली. रिचार्जवाली बाई पदरानं तोंड झाकून बघत राहिली. आणि मी, माझ्या मूर्ख कानांनी, क्षणभर थांबलो. पलीकडून हाळी येते का म्हणून.

केबलवाल्यानं खाली बघून अक्षरं दाबली. पुन्हा विचारलं नाही. "झालं, तात्या," म्हणाला. बाबाचं तात्या कधी झालं कोण जाणे. मी म्हणालो, "जुनी मी नेतो. वायरसकट." तो म्हणाला, "न्या." गोणीतून वायर त्यानंच शोधून दिली.

एसटीनं लोणी. लिंबाखाली आलो. थांबलो. फोन खिशात थरथरला. काढून बघितला नाही लगेच. चप्पल काढली, मग बघितला. पहिलं अक्षर वाकलेलं, शेवटचं दोन पाय फाकून उभं.

पुतण्याची बायको पडवी झाडत होती, मला बघून आत निघाली. मी म्हणालो, "पोरी, च्या टाक. दोगं पिऊ." ती थांबली, मग गेली टाकायला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. कालपासून का लागत नव्हता म्हणून घाबरलेला. त्याला सगळं सांगितलं, शिव्यांसकट. तो म्हणाला, "मंग आता नाव कुनी घातलं?"

"केबलवाल्यानं."

"त्याला कुनी सांगितलं?"

"मी."

तिकडं मशिनींचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तुमी? तोंडानं?"

"मंग काय नाकानं?"

"तात्या, एकदा म्हना की. मी कवाच ऐकलं न्हाई तुमच्या तोंडनं."

मी म्हणालो, "ऐकायचं आसंल तर त्या सरकारला इचार. कोन कोन ऐकतंय त्याची लई काळजी हाय त्याला. त्येच्याकडं आसंल." आणि फोन ठेवला.

त्याला राग आला असेल. येऊ दे. त्याच्यावर नव्हता माझा राग, पण सध्या जो समोर येईल त्याला मिळतोय. अजून गेलेला नाही. त्या बंदीत तथ्य असेल नसेल, शिकलेल्यांनी बघावं. मला एवढंच कळतं की माझ्या घरात शिरताना कोणी विचारलं नाही, आणि जे पुसलं ते काय होतं हे पुसणाऱ्याला माहीतही नव्हतं.

जुनी डबी मी देवळीत तिच्या घोंगडीवर परत ठेवलीय. वायर तिच्याभोवती गुंडाळून. कुंकू पुसलं नाही. नवी भिंतीला खिळ्यावर लटकते, हिरवे डोळे मिचकावत, नाव तिच्याकडं आहे म्हणून चालू ठेवलीय. पुतण्याची बायको काल म्हणाली, मामंजी, थंडी पडायला लागली, हिला पण घोंगडीचा तुकडा लावू का?

नको म्हणालो. काकडू दे.